अभ्यास आणि खेळ, दोन्हींसाठी एकच लॅपटॉप: पालकांसाठी मार्गदर्शिका

जून महिना जवळ आला की वह्या, पुस्तके, गणवेश आणि दप्तर यांच्या यादीत अलीकडे आणखी एका वस्तूची भर पडू लागली आहे. ती वस्तू म्हणजे लॅपटॉप. इंद्रायणीकाठी, तळेगाव-चाकण रस्त्यावर वसलेले मावळ तालुक्यातील इंदुरी हे गाव सरदार दाभाड्यांच्या गढीसाठी इतिहासप्रेमींना परिचित आहे. आज या परिसरातील अनेक घरांमध्ये शेती आणि कारखान्यातील नोकरी हातात हात घालून चालते. अशा घरात चाळीस हजार रुपये ही काही महिन्यांच्या बचतीची रक्कम असते. निवड चुकली, तर पुढील चार-पाच वर्षे ती चूक सोसण्यावाचून गत्यंतर नसते.

आठवी-नववीतील मुलाला लॅपटॉप हवा असतो तो बहुतांशी खेळांसाठी. आई-वडिलांना तो हवा असतो अभ्यासासाठी. वस्तुतः या दोन्ही अपेक्षा एकाच यंत्रात, माफक खर्चात बऱ्याच अंशी पूर्ण होऊ शकतात. त्यासाठी जाहिरातीतील मोठ्या अक्षरांपेक्षा खालच्या बारीक अक्षरांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, इतकेच.

घाटाखालचा एक धडा

स्वस्त लॅपटॉप मुलांच्या हाती देण्याचा भारतातील पहिला प्रयोग मावळच्या शेजारीच, बोरघाटाखाली झाला. निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये जगासमोर मांडलेल्या 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' या कल्पनेतून तयार झालेली 'एक्सओ' नावाची यंत्रे २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा गावातील एकशिक्षकी शाळेत देण्यात आली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना स्वीकारण्यास नकार दिला होता.

शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेले हे यंत्र प्रत्यक्षात त्या किमतीत कधीच तयार होऊ शकले नाही. त्यात ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि १ जीबी साठवण होती. मात्र उन्हात वाचता येणारा पडदा, धूळ-पाण्यापासून सुरक्षित कळफलक आणि फिरते भाग नसलेली रचना ही त्याची वैशिष्ट्ये मुलांचा वापर ओळखून ठरविलेली होती.

पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' हा स्वस्त टॅबलेट सादर केला. त्याची किंमत कमी होती, परंतु मंद प्रोसेसर आणि जोर देऊन दाबावा लागणारा पडदा यांमुळे त्याच्यावर टीका झाली व दुसरी, सुधारित आवृत्ती काढावी लागली. या दोन उदाहरणांतून पालकांनी घ्यावयाचा बोध असा, की केवळ किमतीवरून यंत्राची पारख होत नाही. वापरणारा कोण, कोठे आणि कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे किमतीच्या आधी यायला हवीत.

आधी गरज लिहून काढा

दुकानात जाण्यापूर्वी मुलासह बसून दोन याद्या कराव्यात. पहिली यादी अभ्यासाची. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. केंद्राचे 'दीक्षा' व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. भूमितीसाठी 'जिओजेब्रा', संगणकलेखनाची ओळख होण्यासाठी 'स्क्रॅच', निबंध व प्रकल्पलेखनासाठी 'लिब्रे ऑफिस' ही सर्व साधने मोफत आहेत. दहावीनंतर अनेक विद्यार्थी 'एमएस-सीआयटी' अभ्यासक्रम करतात. या कोणत्याही कामाला महागडे यंत्र लागत नाही.

दुसरी यादी खेळांची. येथे मुलाने नेमकी नावे सांगावीत. 'माइनक्राफ्ट', 'रोब्लॉक्स' आणि 'व्हॅलोरंट' हे खेळ साध्या यंत्रावरही कमी दर्जाच्या चित्रांकनात चालतात. 'जीटीए ५' सारखा २०१५ मध्ये संगणकावर आलेला खेळ मध्यम यंत्रावर तडजोड करून खेळता येतो. पण त्याला साठवणीत १०० जीबीच्या आसपास जागा लागते. गेल्या दोन-तीन वर्षांतील भव्य खेळांसाठी मात्र स्वतंत्र ग्राफिक्स चिप अनिवार्य ठरते. खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर किमान आणि शिफारस केलेली अशा दोन प्रकारच्या गरजा दिलेल्या असतात. निवड शिफारशीच्या आकड्यांवरून करावी. किमान आकड्यांवर खेळ सुरू होतो, पण अडखळत चालतो.

प्रोसेसर: आकड्यांची फसगत

'आय३ घ्यावा की आय५' हा प्रश्न अपुरा आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या आय५ पेक्षा अलीकडचा आय३ अनेकदा सरस ठरतो. उदाहरणार्थ, बाराव्या पिढीच्या कोअर आय३-१२१५यू मध्ये सहा गाभे आहेत. आठव्या पिढीच्या आय५-८२५०यू मध्ये चार होते. म्हणून नावासोबत पिढीही विचारावी.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांबाबत आणखी सावध राहावे. ७००० मालिकेत तिसरा आकडा अंतर्गत रचनेची पिढी दर्शवितो. '७५२०यू' आणि '७५३०यू' ही नावे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. पहिल्यात जुन्या 'झेन २' रचनेचे चार गाभे आहेत, तर दुसऱ्यात 'झेन ३' रचनेचे सहा. दोन्ही रायझन ५ म्हणूनच विकले जातात. खेळांच्या दृष्टीने हा फरक जाणवण्याजोगा आहे, कारण ७५२०यू मधील अंगभूत ग्राफिक्सही तुटपुंजे आहे.

सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे लॅपटॉपमधून २०२३ पासून इंटेलने बंद केली असली, तरी जुना माल बाजारात आढळतो. केवळ वाचन आणि टंकलेखन एवढेच काम असेल, तर तो चालेल. खेळांसाठी तो घेऊ नये.

रॅम आणि साठवण

आज ८ जीबी रॅम ही किमान मर्यादा समजावी. अंगभूत ग्राफिक्स असलेला लॅपटॉप याच रॅममधून चित्रांकनासाठी वाटा घेतो. त्यामुळे प्रत्यक्ष वापरासाठी ८ जीबीपेक्षा कमीच उरते. १६ जीबी असल्यास उत्तम. येथे एक उपयुक्त बाब लक्षात ठेवावी: ८ जीबीची एक पट्टी असण्यापेक्षा दोन पट्ट्या जोडीने असल्यास अंगभूत ग्राफिक्सचा वेग लक्षणीय वाढतो.

म्हणून दुकानदाराला हा प्रश्न अवश्य विचारावा: "रॅम बोर्डावर पक्की जोडलेली आहे, की मोकळा खाचा आहे?" मोकळा खाचा असेल, तर आज ८ जीबीवर भागवून पुढील वर्षी दिवाळीच्या बोनसमधून आणखी ८ जीबी बसविता येते. पक्की जोडलेली असेल, तर खरेदीच्या दिवशी जी आहे तीच अखेरपर्यंत राहते. २०२५ च्या अखेरीपासून स्मृतिचिपांच्या किमती जगभर वाढल्या आहेत. त्यामुळे पट्टीचा ताजा भाव विचारूनच हा हिशेब करावा.

साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. ५१२ जीबी असल्यास दप्तरी काम आणि दोन-तीन मोठे खेळ सामावतात. '६४ जीबी ईएमएमसी' किंवा '१२८ जीबी ईएमएमसी' असे लिहिलेले यंत्र स्वस्त असते, परंतु मंद असते आणि ती चिप सहसा बदलता येत नाही. विंडोज ११ साठी यंत्रात किमान ६४ जीबी साठवण असावी लागते, हे ध्यानात घेतल्यास अशा यंत्रात खेळाला जागा कोठून उरणार, हे वेगळे सांगावयास नको.

ग्राफिक्स: खरा खर्च येथे

खेळांसाठीचा लॅपटॉप महाग होतो तो मुख्यतः स्वतंत्र ग्राफिक्स चिपमुळे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स २०५० आणि आरटीएक्स ३०५० या त्यातील प्रवेशपायऱ्या होत. ३०५० च्या ४ जीबी आणि ६ जीबी अशा दोन आवृत्त्या आहेत. परवडत असल्यास ६ जीबीची निवडावी. स्वतंत्र चिपचे लॅपटॉप वजनाने जड असतात, त्यांचे पंखे आवाज करतात आणि बॅटरीवर खेळ खेळल्यास ती तास-दीड तासात उतरते. शाळा-क्लासला लॅपटॉप न्यावयाचा असेल, तर या बाबींचाही विचार हवा.

पडदा, कळफलक, बॅटरी

मुलाचे डोळे रोज दोन-तीन तास पडद्यावर असणार; येथे काटकसर नको. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, 'आयपीएस' प्रकारचा पडदा मागावा. साध्या 'टीएन' पडद्याकडे थोडे तिरके पाहिले तरी रंग फिके पडतात. पडदा किमान २५० निट्स उजळ असावा.

बॅटरी 'किती तास' चालते हा जाहिरातीतील आकडा बाजूला ठेवून ती किती वॉट-तासांची आहे हे पाहावे. गणित सोपे आहे. ४२ वॉट-तासांची बॅटरी आणि अभ्यासाच्या वेळी सरासरी ७ वॉटचा वापर असेल, तर ती सुमारे सहा तास पुरते. पावसाळ्यात वीज खंडित झाली तरी संध्याकाळचा अभ्यास थांबू नये, यासाठी एवढी क्षमता पुरेशी आहे.

मराठी टंकलेखनासाठी विंडोजमध्ये युनिकोडवर आधारित इनस्क्रिप्ट कळफलक अंतर्भूत आहे. शाळेचे प्रकल्प मराठीत लिहिणाऱ्या मुलाला तो पहिल्या दिवसापासून शिकवावा.

विंडोज की अन्य काही?

विंडोज १० ची नियमित सुरक्षासेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे विंडोज ११ चालणारेच यंत्र घ्यावे. त्यासाठी 'टीपीएम २.०' ही सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा अथवा त्यापुढील प्रोसेसर आवश्यक आहे. 'व्हॅलोरंट' सारखा खेळही विंडोज ११ वर टीपीएम २.० असल्याशिवाय सुरू होत नाही.

क्रोमबुक किंवा अँड्रॉइडवर आधारित लॅपटॉप किमतीला आकर्षक असतात. रिलायन्सने २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आणलेले जिओबुक याच वर्गातील होते. वाचन, चित्रफिती आणि लेखनासाठी अशी यंत्रे उपयोगी आहेत. पण विंडोजसाठी बनविलेले खेळ व कार्यक्रम त्यांवर थेट चालत नाहीत. हे न समजता घेतले, तर घरी आल्यावर मुलाचा हिरमोड ठरलेला. याउलट, ज्या पालकांना खेळ मर्यादितच ठेवावयाचे आहेत, त्यांना हीच मर्यादा सोयीची वाटू शकते. लिनक्स विनामूल्य आहे व अभ्यासास उत्तम आहे, तथापि काही लोकप्रिय ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत.

अंदाजपत्रकाच्या तीन पायऱ्या

किमती सतत हलत असतात. म्हणून पुढील विभागणी दिशादर्शक समजावी.

*तीस हजारांच्या आत:* नवे यंत्र घेतल्यास बहुधा मंद प्रोसेसर किंवा अपुरी रॅम पदरी पडते. या रकमेत चांगल्या स्थितीतील, नूतनीकरण केलेला व्यावसायिक श्रेणीचा लॅपटॉप अधिक किफायतशीर ठरतो.

*तीस ते पन्नास हजार:* बहुतेक कुटुंबांसाठी ही योग्य पायरी होय. बारावी पिढी किंवा पुढचा आय३ अथवा आय५, किंवा झेन ३ रचनेचा रायझन ५. ८ जीबी रॅम आणि मोकळा खाचा. ५१२ जीबी एसएसडी. अभ्यास उत्तम, हलके खेळ व्यवस्थित.

*पन्नास हजारांपुढे:* स्वतंत्र ग्राफिक्स चिपचा विचार येथूनच सुरू करावा. मुलगा अभियांत्रिकी, ॲनिमेशन किंवा त्रिमित चित्रांकनाकडे खरोखर वळणार असेल, तर हा खर्च पुढेही कामी येतो. केवळ एका खेळासाठी तो करू नये.

कोणत्याही पायरीवर एकूण रकमेतील दहावा हिस्सा माऊस, पिशवी, विजेचा दाब सांभाळणारा बोर्ड आणि पुढील रॅमसाठी राखून ठेवावा. विषाणूरोधक वेगळा विकत घेण्याची घाई नको. विंडोजमधील अंतर्भूत संरक्षण घरगुती वापरास पुरेसे आहे.

जुना लॅपटॉप घेताना

कंपन्यांनी वापरून परत केलेले लॅपटॉप पुण्यात सहज मिळतात. २०१८ च्या सुमाराचे थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९० किंवा एलिटबुक ८४० जी५ हे मजबूत बांधणीचे आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरासह मिळणारे नमुने आहेत. त्यावर विंडोज ११ चालते व रॅम वाढविता येते. घेताना चार गोष्टी तपासाव्यात.

१. विंडोजचा बॅटरी अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांची तुलना करावी. आजची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा.

२. यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे आणि मूळ मांडणीच्या पडद्यात (बायोसमध्ये) जाऊन पाहावे. तेथे जुन्या कंपनीचा परवलीचा शब्द असल्यास यंत्र घेऊ नये.

३. बिजागऱ्या, प्रत्येक कळ, कॅमेरा, ध्वनी आणि सर्व जोडण्या तपासाव्यात.

४. पक्के बिल आणि लेखी हमी घ्यावी. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक असावा. चोरीचा माल गळ्यात पडू नये, यासाठी हे आवश्यक आहे.

दुकान, बिल आणि हप्ते

इंदुरीकरांना तळेगाव दाभाडे जवळ. त्यापुढे पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. ऑनलाइन खरेदी हाही पर्याय आहेच. तीन ठिकाणचे भाव काढावेत, मात्र नेमका नमुना क्रमांक एकच आहे ना, हे पाहूनच तुलना करावी. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत रॅम आणि पडदा वेगवेगळा असू शकतो. दुरुस्ती केंद्र किती दूर आहे आणि तंत्रज्ञ घरी येतो का, हेही विचारावे.

लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सांगितलेली किंमत करासह आहे की कराविना, याची खात्री करावी. 'बिनव्याजी हप्ते' या योजनेत रोखीची सवलत सोडावी लागते आणि प्रक्रिया शुल्कही लागू शकते. दोन्ही मार्गांची एकूण रक्कम कागदावर मांडल्याशिवाय सही करू नये. तक्रार उद्भवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते.

पावसाळा, वीज आणि इंटरनेट

मावळातील पावसाळा यंत्रांची परीक्षा पाहणारा असतो. दप्तरात लॅपटॉपसाठी जलरोधक आवरण ठेवावे. ओलसर भिंतीलगत किंवा पोत्यांच्या खोलीत तो ठेवू नये. गादीवर ठेवून खेळल्यास खालची हवेची वाट बंद होते आणि यंत्र तापून मंदावते; लाकडी पाट किंवा टेबल वापरावे. विजांचा कडकडाट सुरू होताच चार्जर काढून ठेवावा. घरातील अर्थिंग एकदा तपासून घ्यावे.

विजेच्या बिलाची भीती मात्र बाळगू नये. ६५ वॉटचा चार्जर पूर्ण क्षमतेने चार तास चालला, तरी पाव युनिटहून किंचितच अधिक वीज लागते.

खेळांचा दडलेला खर्च आहे तो इंटरनेटचा. मोबाइलवरून रोज २ जीबी मिळत असतील, तर ५० जीबीचा एक खेळ उतरवून घेण्यास पंचवीस दिवसांचा सगळा डेटा लागेल, आणि अभ्यासाला काहीच उरणार नाही. गावात फायबरची जोडणी उपलब्ध आहे का, हे पाहूनच मोठ्या खेळांचा बेत करावा.

खेळाचीही शिस्त

खेळ हा शत्रू नव्हे. 'माइनक्राफ्ट' खेळणारे मूल रचना आणि नियोजन शिकते. परंतु वेळेचे बंधन हवेच. विंडोजमध्ये मुलासाठी वेगळे खाते काढून वेळ ठरवून देता येते. खरेदीचा परवलीचा शब्द पालकांपाशी असावा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे, ही बाब मुलांना स्पष्ट सांगावी. लॅपटॉप माजघरात, सर्वांच्या नजरेसमोर असावा. दर वीस मिनिटांनी डोळे पडद्यावरून काढून दूर पाहण्याची सवय लावावी.

सारांश, पालकांनी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहूनच घराबाहेर पडावे: प्रोसेसर कोणत्या पिढीचा, रॅम वाढते का, पडदा आयपीएस आहे का, आणि दुरुस्ती कोठे होईल? या कागदावर मुलाचीही सही घ्यावी. खेळाचा एखादा हट्ट का सोडावा लागला, हे त्याने स्वतः आकडे मांडून पाहिलेले असेल, तर तो रुसून बसणार नाही. घराच्या पैशाचा हिशेब समजून घेण्याचा पहिला धडाही त्याला याच खरेदीतून मिळेल.